दिलेला शब्द आणि हातातील शस्त्र

(राष्ट्रांची युद्धे, करार आणि अण्वस्त्रे यांच्या नीतिमत्तेवरील व्याख्यानाचा मजकूर)

महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णेस भेटते, कऱ्हाडला कोयनेस सामावून घेते आणि सांगलीचा घाट धूत पुढे जाते. राष्ट्राराष्ट्रांतील करारांना काय मोल असते, युद्धाला नीती असते की नाही, या प्रश्नांची चर्चा करण्यासाठी व्हिएन्ना-जिनिव्हापर्यंत जाण्याची आवश्यकता नाही. कृष्णेच्या या काठावर त्या प्रश्नांची उत्तरे दोनशे वर्षांपूर्वीच लिहिली गेली आहेत, आणि ती लिहिण्यासाठी रक्त सांडले आहे.

राष्ट्रांच्या नीतीविषयी दोन मते नेहमी ऐकू येतात. ‘बळी तो कान पिळी’ हा जगाचा कायदा आहे. राष्ट्रांना केवळ हितसंबंध असतात, नीती हा दुबळ्यांचा विलाप आहे, असे पहिले मत. शस्त्र हेच पापाचे मूळ आहे. एकाने शस्त्र टाकले की दुसराही टाकील, असे दुसरे. पहिले मत माणसाला निर्दय करते आणि दुसरे त्याला असाहाय्य करते. सातारा आणि सांगली यांचा इतिहास मात्र तिसऱ्या वाटेकडे बोट दाखवतो.

एक तह, तीस वर्षे

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. आष्टीच्या लढाईत बापू गोखले धारातीर्थी पडले आणि छत्रपती प्रतापसिंह महाराज इंग्रजांच्या स्वाधीन झाले. पुढच्या वर्षी, २५ सप्टेंबर १८१९ रोजी, ईस्ट इंडिया कंपनी आणि प्रतापसिंह यांच्यात तह झाला. साताऱ्याचे राज्य महाराजांना, त्यांच्या वारसांना आणि उत्तराधिकाऱ्यांना कायम सार्वभौमत्वाने देण्यात येत आहे, असे त्यात नमूद होते. त्याच कागदावर आणखीही काही नमूद होते. महाराजांनी कंपनीच्या अधीन राहून सहकार्य करावे, परकीय सत्तांशी परस्पर संबंध ठेवू नयेत, कंपनीच्या संमतीवाचून सैन्य वाढवू नये. एका कलमाने राज्य दिले आणि बाकीच्या कलमांनी ते राखण्याचे साधन काढून घेतले.

प्रतापसिंहांनी आपल्या बाजूने तह प्रामाणिकपणे पाळला. साताऱ्यात त्यांनी शाळा काढल्या, छापखाना चालवला, रस्ते बांधले, पाण्याची सोय केली. त्यांच्या कारभाराचा गौरव म्हणून १८३५ मध्ये कंपनीच्या लंडनमधील संचालकांनी त्यांना प्रशंसापत्र आणि तलवार द्यावयाचे ठरवले होते. परंतु जहागीरदारांवरील अधिकाराचा वाद निघाला आणि महाराज तहाचा कागद पुढे करून आपला हक्क मागू लागले, तेव्हा मुंबईच्या सरकारला ते अडचणीचे वाटू लागले. मांडलिकाने कराराचा आधार घ्यावा, हाच अपराध ठरला! गोव्याच्या पोर्तुगीजांशी, नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधल्याचे आणि कंपनीच्या शिपायांना फितवल्याचे आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आले. १८३९ च्या ऑगस्टमध्ये मुंबईचा गव्हर्नर कार्नाक स्वतः साताऱ्यास आला. आरोप मान्य करून सही द्या, गादी राहील, असा त्याच्या प्रस्तावाचा आशय होता. महाराजांनी सही दिली नाही. सप्टेंबरमध्ये त्यांना पदच्युत करून काशीला पाठवण्यात आले. तेथेच १८४७ मध्ये त्यांनी देह ठेवला.

गादीवर बसवलेले त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब एप्रिल १८४८ मध्ये निवर्तले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक पुत्र हा वारसच. आणि तहात वारसांचा स्पष्ट उल्लेख होता. परंतु सार्वभौम सत्तेच्या संमतीवाचून घेतलेला दत्तक राज्याचा वारस होऊ शकत नाही, असा अर्थ डलहौसीने लावला आणि सातारा खालसा झाले. त्याच्या कारकीर्दीत या तत्त्वाखाली गिळंकृत झालेले हे पहिले मोठे राज्य. पुढे झाशी आणि नागपूर यांची तीच गत झाली.

या कथेतील एक गोष्ट विसरता कामा नये. मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी हे राज्य खालसा करण्यास विरोध केला होता. तहातील शब्दांचा सरळ अर्थ राज्य पुढे चालवण्याचाच आहे, हे त्यांनी लेखी नोंदवले. लंडनमध्येही जोसेफ ह्यूम यांच्यासारखे लोक साताऱ्याच्या बाजूने उभे राहिले. इंग्रज माणसांत न्यायबुद्धी नव्हती असे नाही. न्याय नाकारल्याची कोणतीही किंमत कंपनीला मोजावी लागणार नव्हती, हे खरे कारण.

रंगो बापूजी गुप्ते यांच्याइतके हे कोणाला उमगले असेल? १८४० मध्ये ते आपल्या धन्याची बाजू मांडण्यासाठी लंडनला पोहोचले. चौदा वर्षे त्या परक्या शहरात त्यांनी अर्ज केले, सभा गाजवल्या, कंपनीच्या भागधारकांपुढे तहाचा कागद वारंवार उघडून दाखवला. कर्ज झाले, आयुष्य झिजले, न्याय मिळाला नाही. १८५३ च्या अखेरीस ते रिकाम्या हाताने परतले. ज्यांनी कायद्याच्या वाटेवर इतका विश्वास ठेवला, तेच रंगो बापूजी १८५७ मध्ये साताऱ्यातील उठावाच्या सिद्धतेचे सूत्रधार झाले. उठाव फुटला. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना देहदंड देण्यात आला. कोणी फासावर गेले, कोणाला तोफेच्या तोंडी दिले गेले, कोणाला गोळ्या घातल्या गेल्या. त्यांत रंगो बापूजींचा पुत्र सीताराम होता. स्वतः रंगो बापूजी जे निसटले, ते पुन्हा कधी कोणाला दिसले नाहीत.

सबल राष्ट्र शब्द मोडते तेव्हा केवळ एक राज्य जात नाही. न्यायाच्या वाटेवरची श्रद्धा जाते आणि उरते ती गेंडामाळाची वाट. करार मोडणे हे युद्धाइतकेच हिंसक कृत्य आहे, याचा याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

युद्ध कोणाचे, मरण कोणाचे?

आता सांगलीकडे वळू. त्याच १८१९ मध्ये सांगलीचे चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्याशीही कंपनीने करार केला. जहागिरीच्या बदल्यात कंपनीसाठी फौजेसह चाकरी करावी, अशी अपेक्षा होती. चिंतामणरावांनी ती चाकरी पत्करली नाही. त्याऐवजी सुमारे एक लाख पस्तीस हजार रुपये वार्षिक उत्पन्नाचा मुलूख त्यांनी कंपनीला तोडून दिला. मुलूख गेला, पण कंपनीच्या लढाईत आपली माणसे धाडण्याच्या बंधनातून सांगली मोकळी झाली. पराभवाच्या काळातही एवढा एक निर्णय आपल्या हाती ठेवण्यासाठी एका संस्थानिकाने किती मोल मोजले पाहा!

संपूर्ण देशाला मात्र तो निर्णय पुढे शंभर वर्षे उपलब्ध नव्हता. सातारा तालुक्यातील अपशिंगे गावाला ‘अपशिंगे मिलिटरी’ असे नाव पडले, कारण घरटी सैनिक देण्याची तेथील परंपरा. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान मृत्युमुखी पडले. त्या युद्धात अविभक्त हिंदुस्थानचे सुमारे ७४ हजार सैनिक कामी आले. त्यांचे शौर्य वादातीत आहे; शौर्याला मालक नसतो. परंतु ज्या युद्धात ते मेले, ते पुकारण्याआधी अपशिंग्याला कोणी विचारले होते काय? ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात सामील झाल्याचे जाहीर केले, तेही लोकप्रतिनिधींना न विचारताच. त्यामुळे १९४३ नंतर एक विलक्षण दृश्य दिसले. साताऱ्याच्या मातीतले काही तरुण युरोप आणि ब्रह्मदेशात ब्रिटिशांच्या ध्वजाखाली लढत होते; आणि त्याच जिल्ह्यात, आजच्या सांगलीच्या वाळवे-कुंडल भागात, क्रांतिसिंह नाना पाटील यांचे प्रतिसरकार ब्रिटिशांविरुद्ध उभे होते. दोघेही शूर, दोघेही याच मातीचे. पण स्वतःच्या युद्धाचा निर्णय स्वतः घेण्याचा हक्क त्यांच्यापैकी एकालाच मिळाला, आणि तोही त्याने कायदा मोडून मिळवला.

युद्धनीतीचा पहिला प्रश्न म्हणून हाच मानावा लागतो : जो मरणार आहे, त्याच्या समाजाने हे युद्ध आपले मानले आहे काय? मित्रराष्ट्र निवडताना, करारावर सही करताना, परक्याच्या भांडणात आपण किती ओढले जाऊ, याचा हिशेब अपशिंग्याच्या अंगणात बसून करावा लागतो.

आरसा आपल्याकडेही वळवावा

येथवर आपण सोसणाऱ्याच्या बाजूने बोललो. ते सोपे असते. मराठ्यांच्या हाती बळ होते, तेव्हा काय घडले?

छत्रपती शिवाजी महाराजांनी घालून दिलेला आदर्श सर्वांना ठाऊक आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी आजच्या सातारा जिल्ह्यातील प्रतापगडाच्या पायथ्याशी ते अफझलखानाला भेटले, तेव्हा अंगरख्याखाली चिलखत होते. शत्रूच्या शपथेवर स्वराज्य टांगून ठेवण्याचा भोळेपणा त्यांनी केला नाही.  पण काम झाल्यावर खानाची कबर तेथेच बांधली गेली. आणि चिपळूणच्या छावणीतील आपल्या अधिकाऱ्यांना त्यांनी पत्र धाडले, ते रयतेच्या भाजीपाल्याला, दाण्यागोट्याला हात लावू नये म्हणून. आत चिलखत आणि वर मर्यादा, असा तो आदर्श होता.

परंतु १७९१ हे सालही याच इतिहासात आहे. टिपूविरुद्ध मराठे, निजाम आणि इंग्रज यांची युती झाली होती. मिरज-तासगावच्या पटवर्धनांच्या फौजा म्हैसूरच्या मुलखात होत्या. त्या फौजेबरोबरच्या लुटारू पथकांनी शृंगेरीचा मठ लुटला. शंकराचार्यांना आपले पीठ सोडावे लागले. आद्य शंकराचार्यांच्या परंपरेचे पीठ, आणि लुटणारे हात स्वराज्याच्या ध्वजाखालचे! त्यापूर्वी नागपूरकरांच्या स्वाऱ्यांनी बंगालच्या खेड्यांत जी दहशत बसवली, तिच्या आठवणी तेथील अंगाईगीतांत आजही आहेत. हे सांगताना मान खाली जाते. पण आत्मपरीक्षण हा कमकुवतपणा नव्हे. युद्धाचे कारण न्याय्य असले, तरी युद्धातले वर्तन आपोआप न्याय्य होत नाही, हे शृंगेरी शिकवते. शिवाय ज्या इंग्रजांशी युती करून टिपूला नमवले, त्यांनीच अठ्ठावीस वर्षांत साताऱ्याच्या छत्रपतींपुढे तो तह ठेवला. समान शत्रू म्हणजे समान ध्येय नव्हे, हा युतीचा धडाही याच घटनेत आहे.

छत्र कोणाचे?

आता विसाव्या शतकात येऊ. देवराष्ट्रे येथे जन्मलेले आणि कऱ्हाडला आपले मानणारे यशवंतराव चव्हाण चीनच्या आक्रमणाच्या काळात, नोव्हेंबर १९६२ मध्ये, देशाचे संरक्षणमंत्री झाले. ते त्या पदावर असतानाच, १६ ऑक्टोबर १९६४ रोजी, चीनने पहिला अणुस्फोट केला. दोन वर्षांपूर्वी ज्याने आपली भूमी बळकावली, त्याच्या हाती आता ते अस्त्र आले. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री अण्वस्त्रांच्या विरोधात होते. त्यांनी अण्वस्त्रसज्ज राष्ट्रांनी इतरांना संरक्षणाचे छत्र द्यावे, हा विचार मांडून पाहिला. १९६७ मध्ये भारताचे दूत मॉस्को आणि वॉशिंग्टनला जाऊन आले. विसंबून राहावे अशी हमी मिळाली नाही.

१९६८ मध्ये अण्वस्त्रप्रसारबंदी करार पुढे आला. १ जानेवारी १९६७ पूर्वी ज्यांनी स्फोट केला ते पाच अण्वस्त्रधारी. इतरांनी त्या वाटेला जाऊ नये. पाचांनी मात्र निःशस्त्रीकरणाच्या दिशेने सद्भावनेने वाटाघाटी कराव्यात. साताऱ्याचा तह वाचलेल्याला हा मसुदा ओळखीचा वाटेल. एकाच्या सैन्यावर निश्चित मर्यादा, आणि दुसऱ्याच्या वचनाला मुदत नाही. भारताने सही केली नाही. आज जगात नऊ राष्ट्रांकडे मिळून सुमारे १२ हजार अण्वस्त्रे आहेत आणि त्यांतील बहुतांश अमेरिका व रशिया यांच्याकडे आहेत.

ज्यांनी विश्वास ठेवला त्यांचे काय झाले? सोव्हिएत संघ कोसळल्यावर युक्रेनच्या भूमीवर प्रचंड अण्वस्त्रसाठा उरला. त्याच्या कळा मॉस्कोच्या हाती होत्या, हे खरे. तरी साठा युक्रेनने सोडला तो डिसेंबर १९९४ मध्ये बुडापेस्ट येथे मिळालेल्या लेखी आश्वासनांच्या सोबतीने. रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांनी त्याच्या सीमांचा आदर करण्याचे मान्य केले होते. २०१४ मध्ये क्रिमिया गेला. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी पूर्ण आक्रमण झाले. रंगो बापूजींच्या हातातला तो जुना कागद जणू पुन्हा कोणाच्या तरी हातात फडफडत होता.

मग सर्वच करार व्यर्थ म्हणायचे काय? तसेही नाही. ९ ऑगस्ट १९७१ रोजी भारताने सोव्हिएत संघाशी मैत्री करार केला. त्या डिसेंबरात अमेरिकेचे एंटरप्राइज हे आण्विक विमानवाहू जहाज बंगालच्या उपसागराकडे निघाले, तेव्हा त्या कराराचा आधार मोलाचा ठरला. तो टिकला, कारण लढणारे सैन्य आपले होते, निर्णय आपला होता आणि युद्धामागे पूर्व बंगालमधून आलेल्या लक्षावधी निर्वासितांची आर्त हाक होती. पण त्या मैत्रीचीही किंमत होती. १९७९ च्या अखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, तेव्हा भारताचा आवाज जितका स्पष्ट असायला हवा होता तितका नव्हता. मित्राच्या अन्यायावर मौन हा युतीचा छुपा कर असतो. जितके आपण स्वावलंबी, तितका तो कर कमी.

अश्वत्थामा आणि अर्जुन

११ आणि १३ मे १९९८ रोजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या कारकीर्दीत पोखरणला चाचण्या झाल्या आणि भारत उघडपणे अण्वस्त्रधारी झाला. साताऱ्याचा धडा तेथे पूर्ण होतो असे अनेकांना वाटते. वस्तुतः तेथे तो अर्धाच होतो. उरलेला अर्धा अधिक कठीण आहे.

कारण हे अस्त्र तलवारीसारखे नाही. ६ आणि ९ ऑगस्ट १९४५ च्या बॉम्बहल्ल्यांनी हिरोशिमात वर्षअखेरपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार आणि नागासाकीत ७० हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत शाळकरी मुले होती, इस्पितळांतील रुग्ण होते. युद्ध लवकर संपले म्हणून पुढचे प्राण वाचले, असे समर्थन केले जाते. टोकियोच्या युद्धगुन्हे न्यायाधिकरणावरील भारतीय न्यायाधीश राधाबिनोद पाल यांनी आपल्या भिन्नमतपत्रात या समर्थनाला आव्हान दिले. विजेत्याच्या कृत्याला वेगळा कायदा कसा, हा त्यांचा प्रश्न अद्याप अनुत्तरित आहे.

आपल्या परंपरेने हा प्रश्न फार पूर्वी ओळखला होता. महाभारताच्या सौप्तिकपर्वात रात्री झोपलेल्यांची कत्तल करून पळालेला अश्वत्थामा कोंडीत सापडल्यावर ब्रह्मशिर अस्त्र सोडतो. अर्जुनही प्रत्युत्तरात तेच अस्त्र सोडतो. सृष्टी भस्म होणार म्हणून व्यास आणि नारद मध्ये उभे राहतात. अर्जुन आपले अस्त्र परत घेतो. अश्वत्थाम्याला ते जमत नाही आणि तो ते उत्तरेच्या गर्भावर वळवतो. दोघांकडे अस्त्र एकच. भेद एवढाच की अर्जुनाकडे ते आवरण्याचा संयम होता. अश्वत्थामा शापित होऊन भटकतो. अर्जुनाचा वंश टिकतो.

भारताने ४ जानेवारी २००३ रोजी जाहीर केलेल्या आण्विक धोरणात अण्वस्त्राचा प्रथम वापर न करण्याचे वचन आहे. रासायनिक वा जैविक हल्ला झाल्यास अण्वस्त्राने उत्तर देण्याचा अधिकार त्यात राखून ठेवला आहे. पण मूळ सूत्र संयमाचे आहे. पाकिस्तानने असे वचन दिलेले नाही. म्हणून आपणही ते मोडीत काढावे, असा आग्रह अधूनमधून होतो. संताप समजण्याजोगा आहे. पण कारगिलमध्ये १९९९ साली भारताने नियंत्रण रेषा न ओलांडता आपली शिखरे परत घेतली. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला २६ निरपराधांची हत्या झाल्यावर ७ मे रोजी भारताने ‘ऑपरेशन सिंदूर’मध्ये नऊ ठिकाणच्या दहशतवादी तळांवर घाव घातला, १० मे रोजी लष्करी कारवाई थांबली. अण्वस्त्राच्या धमकीला न भिता शिक्षा देता येते आणि वचन न मोडताही देता येते, हे दोन्ही यातून सिद्ध झाले.

एके काळी आपण प्रतापसिंहांच्या जागी होतो. आज आपल्या हाती बळ आले आहे. उद्या लहान शेजाऱ्याशी केलेला पाणीवाटपाचा वा सीमेचा करार आपल्याला गैरसोयीचा वाटेल, तेव्हा आपण कोणाच्या जागी बसणार? डलहौसीच्या? कागदातील शब्दांचा सोयीचा अर्थ लावणारे कारकून प्रत्येक राजधानीत मिळतात. मऊ लागले म्हणून कोपराने खणू नये, हे घरातील शहाणपण परराष्ट्रनीतीतही तितकेच खरे आहे.

बंधुभगिनींनो, १९६१ पासून साताऱ्यात सैनिक स्कूल आहे; देशाच्या सेनेला तिने अधिकारी दिले. अपशिंग्यातील माता आजही मुलांना निरोप देतात. त्या मुलांच्या हाती उत्तम शस्त्र देणे हे राष्ट्राचे पहिले कर्तव्य. ते शस्त्र जेथे उगारले जाईल, तेथे जाण्याचे कारण न्याय्य असणे हे दुसरे. पहिले कर्तव्य विसरले, तर रंगो बापूजींप्रमाणे परक्यांच्या दारी चौदा वर्षे कागद घेऊन उभे राहावे लागते. दुसरे विसरले, तर आपल्याच ध्वजाखाली शृंगेरी लुटली जाते.

आपला शब्द मोडण्याची कोणाची छाती होऊ नये इतके सामर्थ्य, आणि आपला शब्द आपणच मोडू नये इतका संयम, ही दोन्ही तटे शाबूत असतील तरच राष्ट्राची कृष्णा धड वाहील. एक तट खचला तरी पूर गावात शिरतो, हे सांगलीकरांना वेगळे सांगायला नको.